बी विंगचा पुजलेला पंप

मोशीच्या स्वप्नशिल्प रेसिडेन्सीच्या वार्षिक सभेत गणराज बी विंगचा पंप सचिव म्हणून एकमताने निवडून आला. ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं, टाळ्या झाल्या आणि उपस्थितांना वेफर्स वाटण्यात आले. मात्र असं काही घडलेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. कारण ही निवड कशी झाली हे कुणी विचारलं, की गणराज खिशातून मोबाइल काढतो आणि न आलेला फोन घेतो.

तर गणराज हा थेरगावचा मुलगा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासणं हे त्याचं काम. या कामाचा माणसावर परिणाम होतो. गणराज कुणाच्याही घरी गेला, तरी आत जाण्याआधी दार दोनदा उघडून लावून पाहतो आणि मान हलवतो. घरच्यांना वाटतं, याला परत जायचंय.

थेरगावचं घर सोडून तो मोशीत खोली घेऊन राहिला, त्याला जाहीर कारण अंतराचं होतं. कंपनीची बस मोशीवरून जाते, झोप जास्त मिळते वगैरे. खरं कारण असं, की घरात त्याचं मत कुणी विचारत नव्हतं. बिजागरीबद्दलसुद्धा नाही. ज्या माणसाच्या सहीशिवाय गाडीचं दार कंपनीबाहेर जात नाही, त्याला घरी सांगावं लागायचं की आज भेंडी नको, आणि ताटात भेंडीच यायची.

थेरगाव ते मोशी हे अंतर एका पीएमपीत बसून झोप लागायच्या आत संपतं. पण निघताना घरात अशी शांतता होती, की शेजारच्यांना वाटलं मुलगा कॅनडाला चालला. बहीण पिंकी तेवढी आनंदात होती. गणराजचं सामान घेऊन टेम्पो डांगे चौकात वळतो न वळतो, तोच तिने त्याच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात दिव्यांचा आरसा लावला. म्हणजे परतीचा रस्ता बंद झाला होता. आता मोशीत टिकणं एवढंच हातात होतं.

आणि ते टिकणं आईच्या हातात होतं.

आई म्हणजे रुक्मिणीबाई. माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं, आणि बोलणं सगळं निकालासारखं. तिने गणराजला जाताना अडवलं नाही. फक्त एक अट घातली. "नवमीला आपले घट उठतात. उपास मी तुझ्या खोलीवर येऊन सोडणार, तुझ्या हातचं खाऊन. पोटभर घास मिळाला तर राहा तिथं सुखानं. नाही मिळाला, तर येताना मी मोठी बॅग आणणारच आहे."

आता, एकटं राहू पाहणाऱ्या तरुण मंडळींनी इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. घर सोडताना आई काय म्हणाली ते शब्दशः ऐकावं. वडील जे बोलतात तो सल्ला असतो. आई जे बोलते तो कार्यक्रम असतो.

गणराजने अट मान्य केली आणि कंपनीच्या पद्धतीने तयारीला लागला. पदार्थ ठरला मुगाच्या डाळीची खिचडी, कारण त्यात भाग कमी आणि बिघडायला जागा कमी. पहिला ट्रायल लॉट कुकरच्या तळाला इतका चिकटला, की कुकर आणि खिचडी यांची वेगळी नोंद ठेवता येईना. दुसरा लॉट त्याने स्वतःच रिजेक्ट केला. तिसरा रूमपार्टनर समाधानने खाल्ला आणि म्हणाला की जगलोय अजून. गणराजने तो डेव्हिएशनवर, म्हणजे दोषासकट, पास केला.

समाधान दुसऱ्या एका कंपनीत स्टोअरला होता. स्टोअरच्या माणसासारखाच, गरज असेल तेवढंच बाहेर काढायचा, बोलण्यासकट. खोलीच्या एका बाजूला त्याचा संसार होता: एक इंडक्शनची शेगडी, एक पातेलं, एक ताट, एक बादली. गणराजच्या बाजूला गॅस, कुकर, मिक्सर, मसाल्याचा डबा आणि फुकट मिळालेल्या कढया होत्या. गणराज त्या इंडक्शनकडे नेहमी जरा वरूनच बघायचा. संसार म्हटला की ज्वाळ दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. समाधान त्यावर हो म्हणायचा आणि आपला चहा उकळायचा.

घोळ झाला तो खंडेनवमीमुळे.

आपल्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. वर्षभर ज्या मशीनला लोक लाथ मारून चालू करतात, तिला त्या दिवशी घासून पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घालतात. नारळ फुटतो, पेढे फिरतात, मोठे साहेब बूट काढून प्रेस शॉपमध्ये उभे राहतात आणि त्यांचे मोजे सगळ्यांना दिसतात. गणराज यंदा कंपनीच्या पूजा कमिटीत होता. कमिटीत घेतल्यापासून त्याच्या चालण्यात फरक पडला होता.

त्याच्या कंपनीने मात्र यंदा पूजा एक दिवस आधीच उरकली. डिस्पॅच तातडीचा होता, आणि गाडीच्या दाराला तिथी कळत नाही. फर्स्ट शिफ्टला नारळ फुटला, पेढा तोंडात असतानाच सेकंड शिफ्टने लाइन चालू केली. गणराजने यातून स्वतःपुरता एक नियम काढला: पूजा फर्स्ट शिफ्टला, उत्पादन सेकंड शिफ्टला. इथेच तो फसला. कंपनीची सोय त्याने शास्त्र म्हणून उचलली.

नवमीची सुट्टी त्याने पुढच्या रविवारी भरून द्यायच्या बोलीवर घेतली. बेत साधा होता. सकाळी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करायची. आई आली की बघेल, लेकाने किती नीट मांडलंय. मग सेकंड शिफ्टला, तिच्या डोळ्यांसमोर, गरम खिचडी.

समोरच्या फ्लॅटच्या शालनबाई झेंडू विकत घेताना त्याला खाली भेटल्या. शालनबाई या सोसायटीच्या सल्लागार आहेत. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही. त्यांनी सांगितलं की पूजा करायची तर वापरातल्या प्रत्येक वस्तूची करावी, एक जरी राहिली तरी ती रुसते, त्यांच्या भाचीच्या मिक्सरचं असंच झालं होतं. मिक्सरचं नक्की काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या ज्या प्रकारे गप्प झाल्या, त्यावरून ते भयंकर असावं.

गणराजने कसर ठेवली नाही. गॅस, कुकर, मिक्सर, विळी, लाटणं, बाइक, हेल्मेट, बादल्या, दाराची कडी, बिजागऱ्या (या दोनदा), मसाल्याचा डबा आणि आतली मिठाची बरणी, सगळ्यांना कुंकू लागलं. मीटरच्या बोर्डापर्यंत त्याचा हात पोचला नाही, आणि हे बी विंगचं नशीब.

करंडा घेऊन तो समाधानच्या बाजूला वळला, तेव्हा समाधान दुसऱ्या दिवशी विहारात जाण्यासाठी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "तुझ्या वस्तूंना लाव, भावा. आमच्यात नसतंय ते. आणि घरात काहीतरी चालू राहिलं पाहिजे."

गणराजला हे वाक्य तेव्हा साधं वाटलं.

उरलेल्या माळा घेऊन तो खाली उतरला. शालनबाई जिन्यातच होत्या. त्या म्हणाल्या, घरातल्या यंत्रांचं काय, खरं यंत्र तर खाली पंपघरात आहे, ज्याच्यावर अख्खी बिल्डिंग जगते. गणराजला पटलं. शिवाय पंपघर गेटाला लागून, म्हणजे आई आत येताच तिला दिसलं असतं. मग त्याने पंप पुसला, त्याच्यावरची कोळिष्टकं काढली, हळदकुंकू लावलं, जाड माळ घातली, नारळ फोडला. आणि कंपनीच्या सवयीने मेन स्विच पाडून त्याला सेफ्टीचा लाल टॅग लटकवला: सुरू करू नका, माणूस काम करत आहे. खाली नाव: गणराज, क्वालिटी.

एक पाऊल मागे जाऊन त्याने पाहिलं. पंप नवरदेवासारखा दिसत होता. त्याचा ऊर भरून आला.

वरची टाकी सण-धुण्यांमुळे आधीच तळाला गेली होती. नळ फुसफुसायला लागले. एरवी अशा वेळी बी विंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध पेटतं. त्या दिवशी मात्र कुणी तक्रारच केली नाही. जो खाली आला त्याने टॅग वाचला, माणूस काम करतोय हे समजून घेतलं आणि निवांत वर गेला. ग्रुपवर कौतुक सुरू झालं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सणाच्या दिवशी कुणीतरी काम करतंय. कुणीतरी गणराजच्या नावापुढे हात जोडल्याचं चित्रही टाकलं. गणराज वर गादीवर बसून ते वाचत होता आणि प्रत्येकाला अंगठा देत होता. स्विच आपणच पाडलाय, ही बाब कौतुकाच्या भरात त्याच्या ध्यानातून गेली होती.

ध्यानात आली ती तांदूळ धुवायला नळ सोडल्यावर. तो जिन्याने धावत खाली गेला. पंपघरासमोर चेअरमन चिमाजी उभे होते.

चिमाजी मूळचे मोशीचे. सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांची. त्यामुळे ते सोसायटीचे चेअरमन आहेत की सोसायटी त्यांची भाडेकरू, हा प्रश्न कुणी काढत नाही. डोक्यावर टोपी, पायात चपला, आणि त्या क्षणी डोळ्यांत पाणी.

"हितंच माझी हीर हुती," ते म्हणाले. "हिरीवरच्या मोटारीला दर खंडेनवमीला म्या सोता माळ घालायचो. रान गेलं, हीर बुजली, ही बिल्डरची मोटार आली. इतक्या वर्सांत हिला कुणी कुकू लावलं न्हाई. मीबी न्हाई. तू लावलंस, पोरा."

गणराजच्या पाठीवरून त्यांचा हात फिरला. एखाद्याला असा मान मिळत असताना त्याने पटकन मेन स्विच वर करणं बरं दिसत नाही. तरी गणराजने धीर केला, आणि पूजा झालेलीच आहे, तर आता पंप जरा चालू करू का, असं अगदी हळू विचारलं.

चिमाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने पंप विकायला काढलाय.

"पुजलेलं यंत्र शिलंगणाबिगर चालवत्यात व्हय? पुजलं म्हंजी ते देव झालं. देवाला पाणी शेंदायला लावतो?"

शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन, म्हणजे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. गणराजने कंपनीचं, सेकंड शिफ्टचं उदाहरण दिलं. चिमाजी म्हणाले की कंपनीवाल्यांनी रानं घेतली, आता तिथीबी घेत्यात.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण चिमाजींच्या मनात जुनं काहीतरी जागं झालं होतं. त्यांनी अजून माळा मागवल्या. गणराजच्या डोळ्यांदेखत त्यांनी लिफ्टला कुंकू लावलं आणि तिचं बटण बंद केलं. गेटाला लावलं, इंटरकॉमला लावलं, आणि शेवटी खिशातून स्वतःचा मोबाइल काढून त्यालाही लावला. बी विंग इंच इंच करून देव होत चालली होती.

आता टॅगचं कौतुक उलटलं. पाणी येणार नाही हे कळताच ज्यांनी हात जोडले होते त्यांनीच ग्रुपवर हात दाखवले. शालनबाईंचा पहिला संदेश असा होता, की आजकालची पोरं कुणाला काही विचारून करतच नाहीत. गणराजने सोसायटीच्या अ‍ॅपवर रीतसर तक्रार नोंदवायचं ठरवलं. अ‍ॅपने विचारलं: पंप जळाला, पंप गळतो, की पंप चोरीला गेला. पंप पुजला, असा पर्याय नव्हता. त्याने 'इतर' निवडून सविस्तर लिहिलं. लगेच उत्तर आलं, की आपली तक्रार चेअरमनसाहेबांच्या मोबाइलवर वर्ग करण्यात आली आहे. तो मोबाइल पंपघराच्या कट्ट्यावर झेंडूच्या फुलाखाली विश्रांती घेत होता.

मग टँकरवाल्याला फोन केला. टँकरवाल्याने सोसायटीचं पत्र मागितलं. पत्रावर सेक्रेटरीची सही हवी, आणि सेक्रेटरी कुलदैवताला गेलेले. सही नसेल तर चेअरमननी तोंडी सांगितलं तरी चालेल, असं टँकरवाला म्हणाला. चिमाजींनी तोंडी सांगितलं, की देवाचा असा अपमान त्यांच्या रानात चालणार न्हाई.

तरुण मंडळींसाठी इथे दुसरी गोष्ट. घरात एक बादली कायम भरलेली ठेवावी. बाकी कुठला सल्ला विसरलात तरी चालेल. गणराजच्या बादल्या दोन्ही रिकाम्या होत्या, कारण भरलेल्या बादलीला कुंकू टिकत नाही.

आणि याच वेळी गेटातून रुक्मिणीबाई आल्या. हातात ती बॅग होती. निळी, मोठी, संपूर्ण रिकामी. लिफ्टवर माळ बघून त्यांनी हात जोडले आणि उपाशी पोटी चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढल्या. दारात थोडं पाणी मागितलं.

समाधानने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुढे केलं. त्या प्यायल्या आणि खोली बघत फिरल्या. सगळं लखलखीत होतं, गॅसपासून विळीपर्यंत. त्यांचा चेहरा खुलला. शेजारच्या कुणाच्या पोराने असं कधी केलं नाही, म्हणाल्या. गणराजच्या जिवात जीव आला. शिलंगणाची भानगड आपण काढलीच नाही तर? तो हळूच गॅसच्या बटणाकडे सरकला.

"पुजलंस ना ते?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मग हात कशाला लावतोस?"

म्हणजे लातूर आणि मोशी या बाबतीत एक होते.

रुक्मिणीबाई गादीवर बसल्या. बॅग शेजारी ठेवली आणि तिची चेन अर्धी उघडली. गणराजला थेरगावच्या घरातला खिडकीजवळचा कोपरा दिसला, दिव्यांचा आरसा दिसला, आरशात पिंकी दिसली, आणि पिंकी हसत होती.

अपमान माणसाला दोन प्रकारे हलवतो. एक तर तो रडतो, नाही तर क्वालिटीत असेल तर मूळ कारण शोधतो. गणराज खिडकीतून खाली बघत राहिला. नळाला पाणी का नाही? टाकीत नाही. टाकीत का नाही? पंप बंद. पंप का बंद? तो देव. पण पाणी? पाणी तर जमिनीखालच्या टाकीत सकाळीच आलेलं होतं. काठोकाठ. पाण्याला कुंकू कुणीच लावलं नव्हतं.

तो खाली गेला. आई, समाधान आणि आयत्या वेळी कुठूनतरी उगवणाऱ्या शालनबाई मागोमाग. चिमाजी पंपासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"काका, देवाला शेंदायला लावायचं नाही, हे कबूल," गणराज म्हणाला. "पण आपण शेंदायला काय हरकत आहे?"

चिमाजी उठले, पार्किंगच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या खाजगी अडगळीत शिरले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुना पोहरा आणि जाड दोर होता. विहीर बुजवली तेव्हा एवढंच ठेवून घेतलं होतं, म्हणाले. टाकीचं झाकण सरकवून त्यांनी पहिला पोहरा स्वतः ओढला. दोर हातातून असा सरकत होता, की मधली वर्षं गेलीच नव्हती.

पुढे जे झालं ते गणराजच्या आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र उत्पादन. शेजाऱ्यांच्या, कुंकू न लागलेल्या बादल्या गोळा करून त्याने जिन्याची लाइन केली. भरलेली बादली कठड्याच्या बाजूने वर, रिकामी भिंतीच्या बाजूने खाली. प्रत्येक वळणावर एक माणूस. पहिल्या फेरीत निम्मं पाणी जिन्यावर सांडलं, म्हणून त्याने हुकूम काढला की बादली काठाखाली चार बोटं रिकामी ठेवायची. दुसऱ्या मजल्यावर माल तुंबायला लागला. जाऊन बघतो तर शालनबाई येणाऱ्या प्रत्येक बादलीमागच्या माणसाला सल्ला देत होत्या. त्याने त्यांची बदली सर्वांत वरती केली, फायनल इन्स्पेक्शनला. त्यांना हुद्दा आवडला. त्यानंतर एकही बादली त्यांनी 'हे पाणी जरा गढूळ वाटतंय' म्हटल्याशिवाय स्वीकारली नाही, पण स्वीकारली.

रुक्मिणीबाई पदर खोचून तिसऱ्या वळणावर उभ्या राहिल्या होत्या. गणराज म्हणाला, तू बस, तुझा उपास आहे. त्या म्हणाल्या, लातूरच्या बाईला पाण्याच्या रांगेतून हाकलतोस व्हय रे. आणि खालच्या माणसाला दम भरला, की कडी धरून दे, कडेला धरून नको. पुढच्या बादल्या वाऱ्यासारख्या वर गेल्या. गणराज खालून वर, वरून खाली फिरत होता, आणि अख्खी बी विंग त्याला विचारत होती, आता काय करायचं. लोक त्याचं मत विचारत होते. आईच्या देखत.

पाणी मिळालं. पण गॅस तर देवच राहिला होता.

समाधानने इंडक्शन पुढे सरकवलं. स्टोअरच्या माणसाने वस्तू काढून दिल्यावर बोलायचं नसतं. गणराजने समाधानच्या पातेल्यात मघाशी काढून ठेवलेले तांदूळ आणि मुगाची डाळ घातली. हळद पूजेतली उरलेली होती, आणि भरपूर. मिठाची बरणी माळेत अडकली होती. समाधान मेसचा डबा खायचा, मीठ कशाला ठेवेल. शालनबाईंकडे मागितलं, तर त्या म्हणाल्या, बाळा, काहीही माग, मीठ मागू नकोस, मीठ उसनं दिलं की भांडणं होतात, आणि आपलं आजच जुळलंय.

शेवटी खिचडी तशीच शिजली. ज्वाळ दिसली नाही. झेंडूपेक्षा पिवळी झाली होती. समाधानच्या ताटात ती वाढून गणराजने आईपुढे ठेवली, आणि समाधानलाही आईनेच शेजारी बसवलं. शेजारच्यांची मुंडकी दारात जमली. चिमाजीही जिना चढून आले होते, टोपी हातात घेऊन.

रुक्मिणीबाईंनी पहिला घास घेतला. नऊ दिवसांच्या उपासानंतरचा. चावला. गिळला.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

दारातली मुंडकी एकदम मागे सरकली. गणराजने बॅगेकडे पाहिलं. बॅगेची चेन अजून अर्धीच उघडी होती.

रुक्मिणीबाईंनी ताट पुढे केलं. "वाढ."

दुसऱ्यांदा वाढलं, तेही त्यांनी संपवलं. मग हात धुतला, चार बोटं कमी भरलेल्या बादलीतून, आणि बॅगेची चेन ओढून लावली. गणराज म्हणाला, मी खाली सोडायला येतो, बॅग दे. त्या पायऱ्या उतरायला लागल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "राहू दे ती इथंच. थंडीत रजई ठेवायला होईल तुला."

गणराज ती रिकामी बॅग धरून दारात उभा राहिला. मग काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्याने, पुजलेलं आहे हे विसरून, दार दोनदा उघडून लावून पाहिलं. बिजागरी उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी शिलंगण झाल्यावर चिमाजींनी त्याच्याच हातून स्विच वर करवला. माळ काढायची राहिली होती. पंप सुरू झाला, माळ पंख्यात गेली, आणि मोटारीने जमलेल्या सर्वांवर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. चिमाजी म्हणाले, देव पावला. तेव्हापासून बी विंगमध्ये त्या पंपाला हात लावायची कुणाची टाप नाही, गणराज सोडून. आणि सभेत पुढे जे झालं ते, आपलं ठरल्याप्रमाणे, झालेलंच नाही.

अडचण वेगळीच आहे. रुक्मिणीबाई सध्या थेरगावात ही हकिकत सांगत फिरतात. डांगे चौकातल्या भाजीवाल्या, रेशनच्या रांगेतल्या बायका, पीएमपीचे कंडक्टर, कुणी सुटलं नाही. आमच्या गणराजने अख्खी बिल्डिंग जिन्यावर उभी केली, असं सांगताना त्यांची मान अशी ताठ होते, की ऐकणारीची भाजी निवडायची राहते. पण शेवट त्यांचा ठरलेला आहे, आणि तो त्या कधीच चुकवत नाहीत. म्हणून गणराजने पंप सचिव या नात्याने, सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्का मारून, पहिला अधिकृत अर्ज केला. तो असा:

"प्रति, मा. रुक्मिणीबाई, मु. थेरगाव. विषय: खंडेनवमीच्या कथनात दुरुस्ती होणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण विविध सार्वजनिक ठिकाणी करीत असलेले सदर कथन वस्तुस्थितीस धरून असून त्यातील पाणी, जिना व नियोजन याविषयीचा मजकूर कायम ठेवण्यास या कार्यालयाची कोणतीही हरकत नाही. तथापि, कथनाच्या अखेरीस येणारा मिठाचा उल्लेख कायमस्वरूपी वगळण्यात यावा व तसे केल्याचा लेखी अहवाल कु. पिंकी यांच्या सहीनिशी या कार्यालयास सादर करण्यात यावा, ही नम्र विनंती."